मामांचा बोलावणारा

किल्लीला हात लावायच्या आधी मामा सीटवर अख्खे मागे वळायचे. नुसती मान नाही, पार कमरेपासून. मागच्या बाकांवरचा एकेक चेहरा नीट बघायचे, दाराशी बसलेल्याकडे जरा जास्त वेळ बघायचे आणि म्हणायचे, "हात आत घ्या. लेकरांचे पाय बघा. चालू का मंग?" कोणीतरी "चला की मामा" म्हटल्याशिवाय गाडी सुरू होत नसे. घाईतल्या माणसाला हा प्रकार सहन होण्यासारखा नव्हता, आणि मी तर जन्मजात घाईतला.

तुम्ही कधी काळी-पिवळी जीपनं गेला असाल तर यातली गंमत तुम्हाला कळेल. आमच्याकडचे बाकीचे ड्रायव्हर तुमचा एक पाय आत पडला की गाडी हलवतात. दुसरा पाय तुमचा तुम्ही बघायचा. मी भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईला शाळेसाठी रोज अप-डाऊन करतो. एसटीच्या आणि शाळेच्या वेळा कधी जुळल्या नाहीत, त्यामुळे जीप. जीपमध्ये मास्तर माणसाला ड्रायव्हरशेजारची जागा मिळते, हा आमच्याकडचा रिवाज आहे, म्हणून मामा मला इतके जवळून बघायला मिळाले.

पन्नाशीचा काटक माणूस. मिशा बारीक कातरलेल्या, चष्मा कायम कपाळावर. पुढच्या वाहनाला ओलांडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. समोर मक्याची ट्रॉली असली की आम्ही भोकरदनपर्यंत ट्रॉलीच्या मागे. कॉलेजची पोरं त्यांच्या गाडीला 'पालखी' म्हणायची. पण रेणुकाईच्या दर्शनाला निघालेल्या लेकुरवाळ्या बाया हातातल्या दोन-दोन गाड्या सोडून मामांची वाट बघत उभ्या राहायच्या, हेही मी बघितलं आहे.

गाडी भरल्याशिवाय निघत नाही. मिरचीचा बाजार जोरात असला तर पटकन भरते, टपावर पोती चढतात, आत सगळे शिंकत बसतात. एरवी मात्र अर्धा-अर्धा तास जातो. त्या वेळात बाकीचे ड्रायव्हर तंबाखू मळत, भांडत, रील बघत. मामा चष्मा डोळ्यांवर आणून फोन आडवा धरून बसत. मला वाटलं, रमी असेल. एक दिवस सहज डोकावलो तर पडद्यावर काळोखी गुहा, गुहेत काळा झगा घातलेला एक म्हातारा, आणि त्याच्यापुढे हाडांचे सापळे, एक लांडगा आणि एक दगडी राक्षस. हॉस्टेलवर असताना असल्या गेमपायी मी दोन वेळा परीक्षा बुडवता बुडवता वाचलो होतो. पण काळी-पिवळीच्या स्टिअरिंगमागे हे दृश्य दिसेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मामा, हे काय?"

"बोलावणारा हाय," ते फोनवरून नजर न काढता म्हणाले. "ह्यो सोता काही मारीत न्हाई. नुसती हाक मारतो. हाक मारली की ही मंडळी येती."

असले गेम ज्यांनी कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुरुवातीला आपण एक गडी निवडायचा. कोणी तलवारवाला, कोणी आगीचे गोळे फेकणारा, आणि कोणी हा असा, दुसऱ्यांना बोलावून त्यांच्याकडून लढाई करून घेणारा. राक्षस मारत मारत गडी मोठा होतो, तसे पॉइंट मिळतात. ते पॉइंट कोणत्या विद्येवर लावायचे याचा बेत म्हणजे बिल्ड. बिल्ड चुकला की गडी पुढे कुठेतरी हमखास मरतो. खेळणारे या बेतावर जेवढं डोकं चालवतात तेवढं आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही कोणी चालवत नाही.

मामांकडे हा गेम आला तो अपघातानं. त्यांनी भोकरदनमध्ये जुना फोन घेतला, त्यात तो आधीच होता. आधीच्या मालकानं काढायचा राहिला असेल. मामांनी एकदा चुकून उघडला तर पहिल्याच चित्रात एक भलामोठा लोखंडी दरवाजा. किंचित उघडा. फटीतून पिवळा उजेड येतोय. बस, तेवढ्यावर हा माणूस अडकला.

"आत काय असंल वो सर?" हा त्यांचा मला पहिल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न, आणि नंतर जवळजवळ रोज विचारलेला.

मी म्हटलं, त्यात काय, यूट्यूबवर शोधतो, कोणीतरी शेवटपर्यंत खेळून टाकलेलंच असेल. मामांनी माझा फोनचा हात खाली दाबला. "न्हाई न्हाई. आपल्या पायानं जाऊ. तंवर बिलकुल दाखवू नका."

दुसरी गोष्ट कळली ती आणखी भारी. या गेममध्ये सुरुवातीलाच विचारतात, साधा खेळ खेळायचा की एका जिवाचा? साध्यात गडी मेला तर परत उठतो. एका जिवाच्या खेळात मेला की गेला. नाव, पॉइंट, महिन्यांची मेहनत, सगळं पुसलं जातं. विचारतात ते इंग्रजीत. मामांनी दोन बटणांपैकी लाल बटण दाबलं होतं, कारण ते आधी दिसलं. मी घाबरून म्हटलं, अहो, हे फार जोखमीचं आहे, नवीन सुरू करा. तर म्हणाले, "मंग बराबरच दाबलं की. गाडीबी मी आशीच चालिवतो."

तिथून आमचा वाद सुरू झाला, आणि तो चांगला दीड-दोन वर्षं चालला. मामांचा बिल्ड माझ्या मते साफ उलटा होता. बोलावणाऱ्याचा सुरक्षित बिल्ड कसा करतात हे मला चांगलं माहीत होतं. बोलावलेल्यांची भिंत उभी करायची, आपण मागे राहायचं, आणि आपल्याला बसणारा मार त्यांच्यावर ढकलणारी विद्या घ्यायची. शिवाय 'बळी' नावाची एक विद्या असते. ती वापरली की आपलाच एक सापळा फुटतो आणि शत्रूला जबरदस्त मार बसतो. फुटला तर फुटला, परत हाक मारायची, दुसरा येतो. सगळे असंच खेळतात.

मामांनी 'बळी'वर एक पॉइंट लावला नाही. मार ढकलायच्या विद्येवरही नाही. तिच्याऐवजी त्यांनी शोधून काढली होती ती भलतीच विद्या, जिला ते 'दोरी' म्हणत. दोरी बांधली की बोलावलेल्याला बसणारा निम्मा मार बोलावणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणजे लोक जे खाली ढकलतात, ते हे वर ओढून घेत होते. उरलेले पॉइंट म्हाताऱ्याच्या ताकदीवर, ढालीवर आणि त्या मंडळींच्या जिवावर. मारायला काहीच नाही. एक साधा राक्षस मरायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागे.

"मामा, अहो, ती मरण्यासाठीच असतात," मी वैतागून म्हणायचो.

"आसं कसं? बोलावलंय कोणी त्यांला? मीच ना? ती कुठं आल्ती आपल्या मनानं?"

"पण परत बोलावता येतं ना! फुकटात!"

"दुसरं येतं. तेच येत न्हाई."

मी व्हिडिओ दाखवले. मोठमोठे खेळाडू काय सांगतात ते मराठीत करून सांगितलं. मामा मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हुशार हाय गडी. पर त्याच्या घरी पाव्हणा म्हणून जाऊ नये." मी हसायचो आणि मनातून चिडायचो, कारण वादात आपली बाजू बरोबर असूनही आपण हरतोय हे मास्तरला सोसत नाही.

त्यांनी मंडळींची नावंही ठेवली होती. दगडी राक्षस म्हणजे पहिलवान. लांडगा मोत्या. सापळे हाडकुळे, थोरला आणि धाकला. मागे राहून सगळ्यांवर निळी ढाल धरणारी एक भुतीण होती, तिला ते आक्का म्हणत. लढाई संपली की मामा एकेकाकडे बघत आणि पुटपुटत, "थोरला हाय, धाकला हाय, मोत्या हाय." मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

त्यांच्या या वागण्यामागे काहीतरी जुनं दुःख असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आपण वाचणारी माणसं, आपल्याला प्रत्येक गोष्टीला मागची कथा लागते. एखादा अपघात, दगावलेला प्रवासी. एक दिवस धीर करून विचारलं. मामा चकितच झाले. "अपघात? न्हाई वो सर. आजवर कुत्रंबी आलं न्हाई चाकाखाली. कामून विचारून राह्यले?" माझी कथा तिथंच संपली.

पण कारण होतं, आणि ते दुसऱ्याच बाजूनं कळलं. नागपंचमी जवळ आली होती. आमच्याकडे सासरी असलेल्या लेकीला पंचमीला, दिवाळीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. खरं म्हणजे हे भावाचं काम. पण आताचे भाऊ पुण्याला कंपनीत; त्यांना पंचमीची सुट्टी कोण देणार? मग बाप मामांना गाठतो, "तुम्हीच जाऊन या." असे मामा निम्म्या गावाचे मुराळी झाले होते. त्या दिवसांत त्यांची जीप आमच्या रस्त्यावर कमी आणि जाफराबादच्या बाजूला जास्त दिसायची. आणि यात त्यांचा एक नेम होता: आणली त्यांनी तर परत सासरी नेऊन घालायचीही त्यांनीच. मधल्या काळात त्या लेकीचं जे काही होईल त्याला जबाबदार तेच.

एका वर्षी जाफराबादकडून आणलेली एक मुलगी माहेरी झोक्यावरून पडली आणि तिचा हात मोडला. बापानं फोनवर सासरी कळवायचं ठरवलं. मामांनी गाडी काढली आणि एकटेच तिच्या सासरी जाऊन ओट्यावर बसले. सासूला म्हणाले, "आणली तवा धड व्हती. माझ्या ताब्यात व्हती. आता हात मोडलाय. काय बोलायचं ते मला बोला." सासू इतकी गांगरली की भांडायचंच विसरली आणि चहा ठेवायला उठली. मामांनी चहा घेतला नाही. हाताचं प्लास्टर निघेपर्यंत त्या घरचा चहा घेणार नाही म्हणाले, आणि खरंच घेतला नाही.

मी विचारलं, "तुम्ही तिथं होता का ती पडली तेव्हा?"

"न्हाई. मी आपल्या गाडीवर."

"मग तुमचा काय संबंध?"

मामांनी माझ्याकडे तसं बघितलं, जसं वर्गात मी एखाद्या ठोंब्याकडे बघतो. "आणलं कोणी व्हतं, सर?"

त्या दिवशी मी घरी जाऊन तो गेम फोनवर घेतला. खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं की असला उलटा बिल्ड कुठपर्यंत तग धरतो. दुरून बघून ते कळत नव्हतं. मी आपला भालाईत निवडला, सगळे पॉइंट मारण्यावर. मामांच्या सोबतीनं खेळता यावं म्हणून मीही लाल बटण दाबलं. गेममध्ये एक खेळाडू दुसऱ्याला आपल्या लढाईत बोलावू शकतो. दुसऱ्या दिवशी स्टँडवर मामा म्हणाले, "बोलावणं धाडू का?" आणि माझ्या फोनवर घंटी वाजली.

मी फार मजा केली त्या दिवसांत. माझा भालाईत धावत सुटायचा, मामांची मंडळी त्याच्या मागे धापा टाकत यायची, आणि बाजूच्या सीटवरून आवाज यायचा, "सर, दमानं! मंडळीला येऊ द्या!" राक्षस माझ्यावर तुटून पडले की माझ्या भालाइताच्या अंगाला एक हिरवी दोरी चिकटलेली दिसायची. मामांनी मलाही बांधून घेतलं होतं. माझा जीव निम्म्यानं कमी व्हायचा आणि तिकडे म्हाताऱ्याचा कमी व्हायचा. गाडी भरली की खेळ बंद. चालत्या गाडीत फोनला हात नाही, मला सुद्धा लावू द्यायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "माझं ध्यान तुमच्याकडं जातं."

असं करत आम्ही त्या दरवाज्यापर्यंत पोचलो. चित्रातला तोच लोखंडी दरवाजा, पण बंद, आणि समोर बसलेला अवाढव्य दरवान. त्याला पाडलं की दरवाजा उघडणार. मामा कितीतरी वेळ नुसते त्या दरवाज्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "आज नको. तयारी करून येऊ."

तयारीला वेळ फार नव्हता. त्यांच्या गाडीची मुदत संपत आली होती, नवी घेणं परवडत नव्हतं. रस्ता मोठा झाल्यापासून गिऱ्हाईकही पांगलं होतं. चाकणला एका कंपनीची कामगारांची बस चालवायचं काम त्यांनी धरलं. मला हे सांगताना ते स्टिअरिंग पुसत होते. "पगार बराबर हाय. पर तिथं ड्यूटीवर फोन जमा करून घेत्यात म्हणे." फडकं बाजूला ठेवून म्हणाले, "जायच्या आधी तेवढं बघून घेऊ सर. आत काय हाय ते." इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं हे एवढंच.

शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी पिंपळगावच्या स्टँडवर गाडी लागली होती. मिरचीचा बाजार उठलेला, ऊन रणरणतंय, गाडीत एक म्हातारी आणि कॉलेजची चार पोरं. मामांनी चष्मा खाली ओढला. "धाडू का बोलावणं?"

दरवान उठला. मामांचा बेत पक्का होता: पहिलवान समोर, हाडकुळे दोन बाजूंना, मोत्या फिरता, आक्का मागे, आणि मधल्या फटीतून माझा भाला. प्रत्येकाला दोरी, मलाही. दरवानानं गदा मारली की सगळ्यांचा जीव थोडा थोडा कमी व्हायचा आणि म्हाताऱ्याचा बराच. मग आक्का भरून काढायची, मंडळी मागे यायची, दम घ्यायची, परत पुढे. इतकी सावकाश लढाई मी जन्मात पाहिली नव्हती. पण ती चालत होती! दरवानाचा जीव कणाकणानं खाली येत होता आणि आमच्यातलं कोणी पडत नव्हतं. पोरं मागच्या बाकावरून पुढे वाकली होती. म्हातारीनं विचारलं, "काय चाललंय रे?"

"लढाई हाय आजी," एक पोरगा म्हणाला.

"कोण जिंकून राह्यलं?"

"अजून कोणीच न्हाई."

दरवानाचा जीव बोटभर उरला असेल आणि माझ्या फोनवर मुख्याध्यापकांचा फोन आला.

मास्तरांना मी काही सांगायला नको. बाकीच्यांनी समजून घ्यावं. पोषण आहाराची माहिती आत्ताच्या आत्ता वर पाठवायची होती, आणि ती माझ्याकडे होती. फोन आला की गेम मागे जातो आणि गडी जागच्या जागी खांबासारखा उभा राहतो. मी कानाला फोन लावून "हो सर, हो सर, पाठवतो सर" म्हणत होतो आणि तिरक्या नजरेनं मामांचा पडदा बघत होतो. माझा भालाईत दरवानाच्या पुढ्यात उघडा उभा होता. दरवान त्याच्याकडे वळला.

"मामा, निघा!" एक पोरगा ओरडला. "परतीचा दगड हाय ना, दाबा! तुमचा वाचवा! सरांचा नवाय, जाऊ द्या त्याला!"

पोरगं बरोबर बोलत होतं. माझा भालाईत चार-सहा आठवड्यांचा. त्यांचा म्हातारा दोन वर्षांचा. दगड दाबला की म्हातारा सुखरूप गावात परत, मंडळी त्याच्यासोबत. दरवाजा पुन्हा कधीतरी बघता आला असता. मीही फोनवर हात ठेवून म्हणालो, "मामा, जा तुम्ही." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मंडळींनी माझ्या भालाइताभोवती कडं केलं. आणि मग मी दीड-दोन वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं, काळ्या झग्याचा म्हातारा मागची जागा सोडून चालत पुढे आला आणि दरवान आणि भालाईत यांच्या मध्ये उभा राहिला.

सगळ्या दोऱ्या त्याच्याच अंगाला होत्या. गदा पडत राहिली. मामांचे अंगठे चालत होते, ओठ हलत होते, कपाळावर घाम. हाडकुळे उभे होते, पहिलवान उभा होता, मोत्या चावत होता. शेवटपर्यंत त्यांच्यातलं एकही पडलं नाही. आधी पडला तो म्हातारा. तो पडला आणि ती सगळी मंडळी एकदम विरून गेली, कारण हाक मारणाराच उरला नव्हता.

माझा फोन संपला. पडदा परत आला तेव्हा भालाईत एकटा उभा होता, थोडासा जीव घेऊन, आणि दरवानाचा उरला होता केसभर. मी घाबरून एकच भाला मारला. दरवान कोसळला. दरवाजा करकरत वीतभर उघडला आणि फटीतून पिवळा उजेड आला.

मामांच्या पडद्यावर थडग्याचा एक दगड आणि त्यावर म्हाताऱ्याचं नाव आलं होतं. ते बघून त्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पोचलात ना तुम्ही?"

मी मान हलवली.

"झालं मंग."

एका गेमपायी चाळिशीतल्या माणसाला रडू यावं हे हास्यास्पद आहे, मला कळतं, पण आलं होतं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, मामा, दार उघडलंय, तुम्हीच चालवा माझा भालाईत, जाऊन बघा. त्यांची नजर क्षणभर त्या उजेडावर गेली. ती मला अजून दिसते. दोन वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते हाताच्या अंतरावर होतं. मग त्यांनी तोंड फिरवलं.

"न्हाई. तुमच्या पायानं जाणं झालं ते. तुम्ही जा. फकस्त मला सांगू नका."

"तुम्ही का नाही निघालात? दगड दाबायचा ना!"

"बोलावणं मी धाडलं व्हतं, सर," ते म्हणाले. गाडी अजून भरली नव्हती, तरी त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "चालू का मंग?" मागून म्हातारी म्हणाली, "चला बाबा, लेक वाट बघत आसंल." तेव्हा किल्ली फिरली. भोकरदनपर्यंत आम्ही मक्याच्या ट्रॉलीमागून गेलो.

पुढच्या महिन्यात ते चाकणला गेले. जायच्या दिवशी शाळेशी येऊन गेले, मी वर्गावर होतो, खिडकीतून हात केला. गाडी मोडीत निघाली. आता त्या रस्त्यावर दुसऱ्या जीपा आहेत, त्या वेळेत पोचवतात, आणि मी त्यांच्यात पुढे बसतो. पंचमीला लेकी येतात त्या बसनं, नाहीतर येत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. सुट्टीचा दिवस होता त्यांचा. इकडचं तिकडचं बोलले, मिरचीचा भाव विचारला. तिकडे बसला भरायचं नसतं म्हणाले, ठरल्या वेळेला निघायचं, करमत नाही. मग सांगितलं की नवा बोलावणारा काढला आहे. "आता कुठं एक हाडकुळा येऊन राह्यला हाकेला. ते बी लंगडतंय." बिल्ड कोणता, असं मी विचारलं नाही. मग घसा खाकरून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काय व्हतं वो सर आत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "गेलो नाही."

"आजून?"

"अजून."

"लई येडे हाव तुम्ही," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "मला यायला लई दिस लागतील, सर."

"लागू द्या," मी म्हटलं.

रोज शाळा सुटल्यावर, जीप भरेपर्यंत, मी एकदा गेम उघडून बघतो. भालाईत दरवाज्यासमोर उभा असतो, फटीतून उजेड येत असतो, आणि त्याच्या बाजूची जागा रिकामी असते.